आमच्या घराचे तीन फॉर्म: सोशल पॉलिसीवर रिसर्च करणाऱ्यांना खुलं पत्र

काम, कुटुंब, मुलं आणि म्हातारपण यांवर सर्व्हे काढणाऱ्या, पेपर लिहिणाऱ्या आणि सरकारांना सल्ले देणाऱ्या सगळ्या मंडळींना,

नमस्कार.

आधीच सांगून टाकते, मी तुमच्यातली नाही. मी अकाउंट्सवाली. ताळेबंद वाचता येतो, रिग्रेशन म्हटलं की डोक्यावरून जातं. पण गेल्या चार-पाच वर्षांत तुमची माणसं तीनदा आमच्या घरी आली, तिन्ही वेळा त्याच सोफ्यावर बसली आणि तिघांतल्या एकालाही बाकीच्या दोघांचा पत्ता नव्हता. पहिला सर्व्हे कामाचा आणि वेळेचा, दुसरा म्हाताऱ्या माणसांचा, तिसरा मुलांचा, तो मुलाच्या शाळेतून आला. माणसं आम्ही तीच चार, मी, नवरा, १२ वर्षांचा मुलगा आणि ७७ वर्षांच्या सासूबाई, ज्यांना डिमेन्शिया आहे. पण तुमच्याकडे आम्ही आता तीन फायलींत तीन नंबरांनी राहतो आणि तिथे आमची एकमेकांशी ओळखही नाही. घरात खोल्या किती हे मात्र तिघांनीही विचारलं. खोल्या तीनदा मोजून झाल्यात.

पहिल्या सर्व्हेला आलेली मुलगी गोड होती, हातात टॅबलेट, पाठीवर सॅक, म्हणाली आज हे नववं घर. तिने विचारलं, मॅडम तुम्ही काम करता का? मी म्हटलं बाळा तू बसल्यापासून मी दोनदा उठून आत जाऊन आले ते काय होतं मग? ती हसली, म्हणाली तसं नाही हो, गेल्या ७ दिवसांत पैशासाठी निदान १ तास तरी काम केलंत का? तेव्हा मला आठवलं की ओळखीतल्या एकांचे हिशेब मी मंगळवारी रात्री बसून लावून दिले होते, दोन तास लागले होते आणि त्यांनी पैसेही दिले होते. तिचा चेहराच उजळला. अहो मग तुम्ही काम करता की! आणि टिक केलं.

म्हणजे बघा, त्या आठवड्यात मी रोजगारात होते, त्या दोन तासांच्या जिवावर. बाकीचे सगळे तास, अंघोळ घालणं, डायपर बदलणं, गोळ्या, मुलाचा अभ्यास, रात्रीची जागरणं, हे सगळं हवेत. नंतर दुसरा सर्व्हे झाला त्या आठवड्यात कुणाचे हिशेब हाताशी नव्हते, तर मी तडक लेबर फोर्सच्या (म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांच्या मोजणीच्या) बाहेर. घरातलं रहाटगाडगं तेच चालू होतं, मीच तेवढी आत-बाहेर करत होते.

मी मग वाचत बसले (रात्री जागंच असते, वेळ असतो), तर कळलं की हा १ तासाचा नियम त्या बिचारीचा नाही, जगभर असंच मोजतात आणि त्याला कारणही आहे, थोडंथोडकं कामसुद्धा मोजणीतून सुटू नये म्हणून. पटलं. पण त्याच वाचनात हेही सापडलं की २०१३ साली जिनिव्हाला कामगार आकडेवारीवाल्यांची १९वी आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिथे ठराव झाला की घरच्यांची काळजी घेणं, स्वयंपाक, साफसफाई हेसुद्धा 'काम'च आहे, फक्त त्याला 'रोजगार' म्हणायचं नाही. म्हणजे कागदावर मी दहा वर्षांहून जास्त काळ काम करतेय, सोफ्यावर मात्र अजून करत नाही.

त्याच पहिल्या सर्व्हेत मग आली डायरी, दिवसभरात काय काय केलं त्याची. काल पहाटे ४ पासून आज पहाटे ४ पर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाचे खण, प्रत्येक खणात जे जास्त वेळ चाललं ते लिहायचं. आता आदल्या रात्री काय झालेलं ते सांगते. २:४० ला सासूबाई उठल्या. त्यांना वाटलं सकाळ झाली आणि शाळेत जायला उशीर होतोय, त्या शिक्षिका होत्या, रिटायर होऊन १९ वर्षं झाली. पर्स काखेत, चष्मा डोळ्यावर आणि अंधारात दाराची कडी चाचपत उभ्या. मी म्हटलं आई आज सुट्टी आहे. कसली सुट्टी? म्हटलं रविवार आहे. असं होय, म्हणाल्या, पण पलंगावर बसल्यावर त्यांनी मला हजेरी घ्यायला लावली, त्या नावं सांगणार आणि मी 'हजर' म्हणायचं. वीस-पंचवीस मुलं झाली असतील. साडेतीनला त्यांचा डोळा लागला. मी माझ्या खोलीत येऊन पडले, दार उघडं, कान तिकडे.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं आणि ती टॅबलेटवर कोडची लिस्ट वरखाली करत राहिली. आजारी माणसाची शारीरिक काळजी? नाही गं, अंगाला हातही लावला नाही. औषधं दिली? नाही. दवाखान्यात नेलं? नाही. मग काय केलंत? बसले होते, हजर हजर म्हणत होते. तिने शेवटी 'इतर' दाबलं. आणि साडेतीन ते चार? ते पडले होते. झोप, म्हणाली ती, आणि पुढे गेली.

माझं तुमच्याशी खरं भांडण इथे आहे. आमच्या घरातलं सगळ्यात जड काम हाताचं नाहीच, लक्ष ठेवण्याचं आहे. हाताचं काम संपतं तरी, लक्ष संपत नाही. भाजी चिरताना, हिशेब लावताना, फोनवर बोलताना, अंघोळ करताना (नळ बारीक सोडून, म्हणजे बाहेरचं ऐकू येतं), एक कान कायम तिकडे. आणि हे तुम्हाला ठाऊक नाही असंही नाही ना! अमेरिकेचा टाइम यूज सर्व्हे २००३ पासून चालू आहे, त्यात १३ वर्षांखालचं मूल तुमच्या भरवशावर होतं का हे वेगळं विचारतात, म्हणजे तुम्ही दुसरं काही करत होतात तरी तो वेळ धरला जातो. म्हाताऱ्या माणसांच्या काळजीचे प्रश्न त्यांनी २०११ पासून घातले, पण तिथे तुम्ही प्रत्यक्ष जे केलं तेवढंच. म्हणजे मूल तुमच्या भरवशावर असतं आणि म्हातारं माणूस नसतं, असं काहीसं. युरोपातल्या डायऱ्या १०-१० मिनिटांच्या असतात आणि शेजारी अजून एक कॉलम असतो, त्याच वेळी दुसरं काय चालू होतं आणि सोबत कोण होतं. आमच्या अर्ध्या तासाच्या खणात हे मावलंच नाही.

आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, २०१८ चा एक रिपोर्ट आहे, ६४ देशांच्या अशाच डायऱ्यांवरून काढलेला, त्यात म्हटलंय की जगात रोज १६.४ अब्ज तास बिनपगारी काळजीचं काम होतं, म्हणजे २ अब्ज माणसांनी रोज ८ तास फुकट राबावं इतकं, आणि त्यातला ७६.२ टक्के वाटा बायकांचा. आकडा वाचून छाती दडपते खरी. पण मी अकाउंट्सवाली, मला लगेच वाटलं की एंट्रीच चुकीच्या खात्यावर पडत असतील तर ही बेरीज बरोबर कशी असेल? माझी ती रात्र 'इतर' आणि 'झोप' मधे गेलीय. अशा किती रात्री गेल्या असतील.

आता दुसरा सर्व्हे. म्हाताऱ्या माणसांचा, मोठा, दोन तास चालला. यात त्यांचं वजन, बीपी, पकड किती घट्ट आहे ते मशीन दाबून बघणं, सगळं छान केलं. माझा दीर परगावी असतो, तो पैसे पाठवतो, ते पै न पै लिहून घेतले, कधी पाठवतो, कसे पाठवतो, वर्षाचे किती. मी काय करते याला दोन प्रश्न, कोण काळजी घेतं (सून) आणि आठवड्याला साधारण किती तास. साधारण! दिराचे पैसे वर्षाच्या बेरजेसकट आणि माझे तास साधारण. दिराचा राग नाही हं, तो बिचारा पाठवतो तरी.

मग काही प्रश्न त्यांच्या मनाचे होते. सासूबाई आतल्या खोलीत, त्यांना प्रश्न कळणार नाहीत असं ठरवून माझ्याकडूनच उत्तरं घेतली. गेल्या आठवड्यात त्यांना एकटं वाटलं का? मी काय सांगणार, म्हटलं कधीकधी. तेवढ्यात आतून आवाज आला, "रोज वाटतं, पण तिला सांगू नका."

मी आणि तो सर्व्हेवाला दोघंही गप्प. तो म्हणाला, कुठलं लिहू? बरं, चांगल्या सर्व्हेंमधे मनाचे प्रश्न दुसऱ्याला विचारायचेच नाहीत असा नियम असतो हे मला नंतर कळलं, तेव्हा त्यानेच विचारले आणि मी शहाण्यासारखी उत्तरं दिली. एक खरं की डिमेन्शियाचं माणूस तारीख चुकतं, पंतप्रधान कोण ते चुकतं, पण एकटं वाटतंय हे चुकत नाही. उत्तर नीट आलं नाही तर नाही आलं असं लिहा, पण आधी त्यांना विचारा तरी.

या सर्व्हेतून जे पेपर निघतात त्यात एक शब्द सारखा भेटतो, अवलंबित्व गुणोत्तर. १५ ते ६४ वयाचे कमावते, ६५ च्या वरचे अवलंबून, आणि एकाच्या खांद्यावर किती जण येणार याचा ग्राफ, जो नेहमी वरच जातो. वय वाढतंय यात वाद नाही, २०१८ मधे जगात पहिल्यांदाच ६५ वरची माणसं ५ वर्षांखालच्या पोरांपेक्षा जास्त झाली. पण ही ६५ ची रेघ आली कुठून? जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ ला म्हातारपणाचा विमा सुरू झाला तेव्हा वय ७० होतं, ते ६५ केलं १९१६ ला. शंभर वर्षांपूर्वी पेन्शनसाठी मारलेली रेघ आणि आपण अजून तिच्यावर उभं राहून म्हातारं कोण ते ठरवतोय. वॉरेन सँडरसन आणि सर्गेई शेर्बोव्ह या लोकसंख्येच्या दोन अभ्यासकांनी तर म्हटलंय की जन्मापासून मोजू नका, जगायची सरासरी अजून १५ वर्षं उरली की मग म्हातारं म्हणा, म्हणजे रेघ काळाबरोबर सरकत राहील. मला हे आवडलं पण यानेही माझा प्रश्न सुटत नाही.

माझा प्रश्न असा. मुलगा झाला तेव्हा सासूबाई ६५ च्या. मी सहा महिन्यांनी नोकरीवर परत गेले आणि तो पाच वर्षांचा होईपर्यंत तो त्यांच्याकडेच होता. त्याला चालायला त्यांनी शिकवलं, अक्षरं त्यांनीच, पहिलं खोटं बोलला ते पकडलंही त्यांनीच. त्या पाच वर्षांत मला दोन प्रमोशन मिळाली, टॅक्स भरला, पीएफ जमा झाला. तुमच्या हिशेबात त्या पाच वर्षांत कमावती मी आणि अवलंबून त्या! अहो मी त्यांच्यावर अवलंबून होते. बाण उलटा आहे. ऑफिसात अशी एंट्री कुणी केली असती, देणेकऱ्याला घेणेकरी दाखवलं असतं, तर ऑडिटरने फाईल तोंडावर मारली असती.

आणि आता जेव्हा हिशेब फिरलाय, मी त्यांच्यासाठी घरी आहे, तेव्हा मी कमावत्या वयाची पण रोजगारात नाही आणि त्या पुन्हा अवलंबून, म्हणजे आमच्या घरात कागदावर कमावता एकच, माझा नवरा. तो चांगलाय, रविवारी सगळं तोच बघतो. पण मी नसते तर त्याला सोमवारी ऑफिसला जाता आलं नसतं, हे कुठल्याच कॉलमला माहीत नाही.

मी नोकरी कधी सोडली हे तुमच्या फॉर्ममधे आहे, महिना आणि वर्ष. का सोडली याला ऑप्शन होता 'कौटुंबिक कारण', एकच, ज्यात लग्न, बदली, बाळंतपण, आजारपण सगळं कोंबलेलं. आता बाळंतपणावर तुमच्याकडे केवढं काम झालंय! २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन बाईंना मिळालं ते बायकांच्या कमाईचा इतिहास उकरून काढल्याबद्दल. हेन्रिक क्लेवेन या अर्थशास्त्रज्ञाचा आणि सहकाऱ्यांचा डेन्मार्कचा तो ग्राफ तर मला तोंडपाठ झालाय, पहिलं मूल होईपर्यंत नवऱ्याची आणि बायकोची कमाईची रेघ जोडीने चालते, मूल झालं की बायकोची धाडकन खाली येते आणि पुढे कितीतरी वर्षं सुमारे २० टक्के खालीच राहते, नवऱ्याची सरळच. एका ग्राफने किती जणांची तोंडं बंद झाली असतील. मग म्हाताऱ्यांच्या काळजीचा असा ग्राफ का बरं इतका गाजत नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला आणि मला वाटतं कारण साधं आहे. बाळाला जन्मतारीख असते. ग्राफच्या मधोमध शून्य मांडता येतो. म्हातारपणाला शून्य कुठे मांडणार?

आमचंच घ्या. डॉक्टरांच्या कागदावर तारीख आहे, पण त्याच्या दोन वर्षं आधीपासून त्या एकच गोष्ट तीनदा विचारायला लागल्या होत्या. मग एकदा गॅस चालू राहिला. तेव्हापासून मी दुपारी ऑफिसातून चार वेळा फोन करायचे. मग टूरवर जाणं टाळायला लागले, कुणी म्हटलं नव्हतं, मीच. तिसरं प्रमोशन येत होतं ते मी नको म्हटलं, साहेबांना सांगितलं की पोराची शाळा आहे, कारण सासूसाठी प्रमोशन सोडतेय हे सांगायला का कोण जाणे लाज वाटली. मग अर्धा दिवस. मग बिनपगारी रजा. मग राजीनामा. तुमच्या फॉर्ममधे फक्त शेवटची पायरी आहे. वरच्या सगळ्या पायऱ्या मी तीन वर्षं उतरत होते आणि त्या काळात कुणी सर्व्हेला आलं असतं तर मी 'नोकरीत' होते, सगळं आलबेल.

जपानी भाषेत याला शब्द आहे, 'काइगो रिशोकु', काळजीपायी नोकरी सोडणं. शब्द आहे म्हणून सर्व्हेत प्रश्न आहे आणि प्रश्न आहे म्हणून आकडा आहे, वर्षाला साधारण १ लाख माणसं. आयएलओचाही आकडा आहे, काळजीच्या जबाबदाऱ्यांमुळे जगात ७०.८ कोटी बायका लेबर फोर्सच्या बाहेर, २०२४ ला जाहीर केला. पण मराठीत मला एक शब्द सुचवा बघू. 'घरी असते' म्हणतात लोक. घरी असते.

मोजलं की फरक पडतो का, असं मला नणंद विचारते, कशाला डोकं फोडतेस. पडतो. जर्मनीने १९९५ ला काळजीचा विमा आणला तेव्हा घरच्यांनी काळजी घेतली तर रोख पैसे घ्या किंवा त्याहून जास्त किमतीची सेवा घ्या असे दोन्ही रस्ते ठेवले, बहुतेकांनी रोख घेतली. पण त्यातली मला भावलेली गोष्ट वेगळी आहे, आठवड्याला निदान १० तास घरच्या माणसाची काळजी घेणाऱ्याचे पेन्शनचे हप्ते तो विमा भरतो, त्याची स्वतःची नोकरी ३० तासांच्या वर नसेल तर. १० तास. कुणीतरी बसून ठरवलं ना हे १०! जपानने २००० साली आपला विमा आणला आणि रोख द्यायचीच नाही असं ठरवलं, फक्त सेवा, कारण तिथल्या बायकांच्या संघटनांनीच ठणकावून सांगितलं की हातात पैसे टेकवलेत की सुनेला कायमची उशापाशी बसवाल. तिथे माणसाची गरज ७४ प्रश्नांनी तपासतात आणि ७ पायऱ्यांत बसवतात. दोन देश, दोन उलटी उत्तरं, आणि मला दोन्ही बाजू पटतात हीच पंचाईत आहे. मला रोख मिळाली असती तर मी घेतली असती का? घेतली असती. आणि मग अडकले असते का? तेही झालं असतं.

मुलांच्या सर्व्हेबद्दल थोडंच लिहिते कारण त्यावर लिहायला बसले की माझंच मन मला खातं. शाळेतून आलेल्या फॉर्ममधे होतं, आई दुपारी घरी असते का? हो. स्क्रीन किती वेळ, झोप किती, अभ्यास कोण घेतं. माझ्या उत्तरांवरून आमचं घर आदर्श निघालं असणार, आई दुपारी घरी आणि आजी सोबत, अजून काय पाहिजे. फॉर्मने हे विचारलं नाही की शाळेतून आल्यावर एक तास आजीजवळ कोण बसतं. तो बसतो, त्या वेळात मी बाहेरची कामं उरकून येते. कुठली गोळी जेवणाआधीची हे त्याला माहीत आहे. आजी सारखं विचारते की माझी पर्स कुठाय, म्हणून त्याने पांढऱ्या बोर्डवर मार्करने लिहून टांगलंय, 'पर्स कपाटात आहे. कपाटाला कुलूप नाही. मी ४ वाजता येतो.' मित्राच्या वाढदिवसाला गेला नाही आणि म्हणाला मलाच जायचं नव्हतं.

ब्रिटनमधे २००१ पासून जनगणनेतच विचारतात की तुम्ही कुणाची बिनपगारी काळजी घेता का, आणि २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधली ५ ते १७ वयाची सुमारे १ लाख ७८ हजार मुलं त्यात सापडली. फॉर्म मोठ्यांनी भरलेले हं, म्हणजे आईबापांना जेवढी दिसली आणि कबूल करवली तेवढी. मी भरला असता तर माझ्या मुलाचं नाव लिहिलं असतं का, मला नाही सांगता येत. माझ्यासारख्यांच्या ताणासाठी २२ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, झरित नावाच्या माणसाने बनवलेली, मी एका रात्री भरली, ८८ पैकी ४१ आले. मुलाला कुणी २ प्रश्नसुद्धा विचारले नाहीत. आणि विचारलेच तर नुसतं ओझं विचारू नका, कारण त्या एका तासात त्या दोघांचं काय चालतं ते मी दाराआडून ऐकलंय, ती त्याला जुन्या शाळेतल्या पोरांच्या भानगडी सांगते, रोज त्याच, आणि तो रोज नव्याने हसतो. हे कुठल्या कॉलमला टाकाल ते तुम्ही बघा.

आता मागणं. फॉर्म आधीच लांब आहेत, ती मुलगी दिवसाला नऊ घरं करते, नवीन प्रश्न घालायचा तर जुना काढावा लागतो हे समजतं. खोल्यांचा काढा. तीनदा झालाय. त्याच्या जागी एकच विचारा, या घरातलं एक माणूस उद्या आजारी पडलं तर कुणाचं काम बंद पडेल? आमच्याकडे याचं उत्तर चौघांना चार वेगळं येईल आणि त्या चार उत्तरांत तुमचे तिन्ही सर्व्हे एकमेकांना भेटतील. डायरीत 'लक्ष ठेवून होते' याला जागा करा, लहानांसाठी आहे तशी मोठ्यांसाठी, आणि रात्रीसाठीसुद्धा. नोकरी सोडल्याचं विचारता तसं प्रमोशन नाकारलं का, तास कमी केले का, बदली टाळली का हेही विचारा, आणि कारणांत मूल आणि म्हातारं माणूस वेगळं ठेवा.

आणि एकदा येऊन गायब होऊ नका. मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावात १९६० च्या दशकात १२३ लहान मुलं घेऊन बालवाडीचा प्रयोग केला आणि त्या मुलांना चाळिशी उलटेपर्यंत शोधून शोधून भेटत राहिले, म्हणून तर आज जग त्याचे दाखले देतं. अमेरिकेतच १९६८ पासून एक सर्व्हे चालू आहे, मुलं मोठी होऊन वेगळी राहायला गेली तरी त्यांना सोडत नाहीत. मला माहितीये सगळीकडे एवढे पैसे नसतात. पण माझ्यासारखी बाई सासू गेल्यानंतर काय करते, परत नोकरी मिळते का, मिळाली तर कितीची, की तोवर तिचीच तब्येत गेलेली असते आणि तिच्यासाठी कोण घरी बसतं, हे दोनदा भेटल्याशिवाय तुम्हाला कधीच कळणार नाही. मी ४६ ची आहे. माझ्या हिशेबाने मी अजून दोन वेळा तरी तुमच्या फॉर्मच्या आत-बाहेर करेन.

आलात की सकाळी ११ नंतर या, त्याआधी अंघोळीची गडबड असते. सासूबाईंना आधी नमस्कार करा, त्या तुम्हाला हजेरीत घेतील, तर 'हजर' म्हणा म्हणजे पुढचं सोपं जातं.

तुमची,
तीन फायलींतली एक

ता.क. पहिल्या सर्व्हेनंतर पंधरा दिवसांनी त्यांच्या सुपरवायझरचा फोन आला होता, पडताळणीसाठी. म्हणाले मॅडम तुमच्या डायरीत रात्री 'इतर' असं आलंय, सिस्टीम ते घेत नाहीये, रात्रीचं 'इतर' काय असतं? मी सांगायला सुरुवात केली की सासूबाईंना शाळेत जायचं होतं, तर ते म्हणाले मॅडम सरळ झोप लिहू का? तेवढ्यात आतून कडीचा आवाज आला म्हणून मी हो म्हणून फोन ठेवला. ती चूक माझी. तो फॉर्म तुमच्यापैकी ज्यांच्याकडे असेल त्यांनी २:४० ते ३:३० तेवढं दुरुस्त करून घ्यावं.